पुन्हा डॉक्टर कशाला?

वसुबारसेची संध्याकाळ होती. ओसरीवर पणत्या लावून झाल्या होत्या, आतून चकलीच्या भाजणीचा खमंग वास येत होता, आणि आमच्या वहिनी, वय वर्षे ब्याऐंशी, माझ्या नातीला समोर बसवून तिची उलटतपासणी घेत होत्या.

"एकदा डाक्टर झाल्यावर पुन्हा डाक्टर व्हायचं, ते कशाला गं?"

नात हसली. ती एम.बी.बी.एस. आहे. ग्रामीण भागात काही वर्षे सरकारी नोकरी करून हल्ली ती सार्वजनिक आरोग्य या विषयात डॉक्टरेटचा अभ्यास करते. या पदवीचा प्रकार आपल्याकडे अजून फारसा परिचयाचा नाही. पीएच.डी. करणाऱ्याने ज्ञानात नवी भर घालावी अशी अपेक्षा असते. या दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याने आपल्या रोजच्या कामातलीच एखादी अडचण घ्यावयाची, तिचे शास्त्रशुद्ध मोजमाप करावयाचे आणि ती सुटेल असा काही मार्ग काढून दाखवावयाचा, असा साधारण दंडक आहे. नातीने निवडलेली अडचण म्हणजे साप आणि विंचू चावणे. शेतात माणसाला डंख झाला की तो प्रथम कोणाकडे धाव घेतो, औषधापर्यंत पोहोचायला त्याला किती वेळ लागतो, आणि तो वेळ नेमका कोठे जातो, हे तिला शोधायचे होते. त्यासाठी ती कागदांचा गठ्ठा घेऊन दिवाळीच्या सुटीत माझ्याबरोबर बोरी बुद्रुकला आली होती.

"म्हणजे तू नाडी बघणार न्हाईस, सुई टोचणार न्हाईस. नुसती माणसं मोजणार," वहिनी म्हणाल्या. "अशी पुष्कळ आली बाई आमच्या गावात. नदीतली राख न्यायला आली होती तशी."

हा राखेचा उल्लेख वाचकांना उलगडून सांगितला पाहिजे. बोरी बुद्रुक हे आमचे गाव जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी. आळेफाट्याला उतरून गावात जायचे. ऊस, कांदा, दूधदुभते असा एरवी चारचौघांसारखाच संसार. परंतु १९८० नंतरच्या दशकात संशोधकांना नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक पट्टा आढळला, आणि त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा नावाच्या ज्वालामुखीतून इतक्या दूर येऊन पडली असे म्हणतात. ती कोणत्या स्फोटातली आणि किती जुनी, पाऊण लाख वर्षांची की त्याहून कितीतरी अधिक, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. आम्ही लहानपणी ज्या काठावर म्हशी धुतल्या, त्या काठाचे नाव असे परदेशी नियतकालिकांत गेले. मला त्याचा अभिमान आहे. वहिनींचे म्हणणे एवढेच, की लोक आले, पिशव्या भरून गेले, आणि त्यातून काय निघाले ते सांगायला पुन्हा ओसरीवर कोणी आले नाही.

"तू काय न्यायला आलीस?" त्यांनी विचारले.

"विंचवाची माहिती, मोठी आजी."

विंचू हा शब्द ऐकताच वहिनी गप्प झाल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत त्या अंगणाकडे पाहू लागल्या. त्याचे कारण मला ठाऊक होते, नातीला नव्हते. ते कारण मी या लेखाच्या अखेरीस सांगणारच आहे. परंतु त्या घटकेला विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, "वहिनी, डॉक्टर होऊन पुन्हा शिकायला गेलेल्या माणसांच्या दोन-चार गोष्टी सांगतो. मग तुम्हीच ठरवा, असले शिक्षण कशाला ते."

त्या रात्री चकल्या तळता तळता जे सांगितले, तेच येथे जरा नीट लावून लिहितो.

पहिली गोष्ट सर्वांना ठाऊक असलेली, पण तिचा शेवटचा धडा आपण सहसा वाचत नाही. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि ते मूल दहा दिवसांत गेले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचते, हा विचार त्या मुलीच्या मनातून पुढे कधी हलला नाही. १८८३ साली ती कलकत्त्याहून बोटीने निघाली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली आणि ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाली. इतके आपण शाळेत शिकतो. परंतु पदवीसाठी तिने जो प्रबंध लिहिला त्याचा विषय कोणता होता? 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. अमेरिकेच्या प्रशस्त रुग्णालयात बसून ही वीस वर्षांची मुलगी लिहीत होती ती आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीविषयी. प्रश्न कल्याणच्या घरातून निघाला होता. उत्तर शोधायला तिने सात समुद्र ओलांडले.

ते उत्तर घेऊन ती परत आली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचा अंत झाला. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. प्रबंध लिहून झाला, पण ज्या उंबऱ्यासाठी तो लिहिला तेथे उभे राहणे तिच्या नशिबी नव्हते.

"अगं बाई!" वहिनी एवढेच म्हणाल्या, आणि सोऱ्या पुन्हा भरू लागल्या.

आनंदीबाईंच्या काळी 'सार्वजनिक आरोग्य' हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय म्हणून आपल्याकडे फारसा परिचयाचा नव्हता. डॉक्टरने समोर आलेला रोगी पाहावयाचा, एवढीच व्याख्या. रोगी येण्याच्या आधी, तो ज्या गावातून येतो त्या गावाला काय झाले आहे हे पाहणारी विद्या पुढे उभी राहिली. अमेरिकेत बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९१६ साली तिच्यासाठी वेगळी शाळाच स्थापन केली. आपल्याकडे १९३२ साली कलकत्त्याला अखिल भारतीय आरोग्य संस्था निघाली. १९४६ साली भोर समितीने खेडोपाडी प्राथमिक आरोग्य केंद्रे काढावीत असा अहवाल दिला, आणि १९५२ पासून ती निघूही लागली. इमारती झाल्या, फलक लागले. त्यांच्या आत बसून गावाकडे पाहणारी दृष्टी मात्र सावकाश आली. ती आणणाऱ्यांपैकी दोन जोडपी आपल्या महाराष्ट्रातली, आणि योगायोग असा की दोन्ही जोडपी शिकली ती बाल्टिमोरच्याच शाळेत.

पहिले जोडपे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. लग्नानंतर काही वर्षे त्यांनी नगर जिल्ह्यात, वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की आपण ज्यांना बरे करून घरी पाठवतो, तीच माणसे तेच रोग घेऊन पुन्हा दारात येतात. खाटा वाढवून हे थांबणार नाही. मग दोघे अमेरिकेला गेली. आधी रुग्णालयांतले पुढचे शिक्षण घेतले, नंतर जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि १९७० साली परत येऊन त्यांनी त्याच जिल्ह्यातले जामखेड निवडले. दुष्काळी मुलूख, सावकारी, शिवाशीव. लोकांनी आधी औषध मागितलेच नाही. पाणी आणि धान्य मागितले. डॉक्टरांनी आपले शहाणपण बाजूला ठेवले आणि आधी पाण्याच्या मागे लागले.

पुढे गावांत परिचारिका पाठवल्या, पण तो बेत जमला नाही. तेव्हा त्यांनी गावालाच सांगितले, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. निवडून आल्या त्या बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित वस्तीतल्या, कोणी विधवा, कोणी टाकलेल्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्या बायका काही वर्षांत त्याच गावातल्या बाळंतपणांना बोलावल्या जाऊ लागल्या. काम सुरू झाले तेव्हा त्या परिसरात जन्मलेल्या दर हजार मुलांतली १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. १९९० नंतरच्या दशकात हा आकडा विसाच्या आसपास आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी चालवलेल्या आरोग्याच्या प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडला स्वतंत्र प्रकरण मिळाले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

"म्हंजे शिकून आली ती दोघं, आणि डाक्टर केलं बायांना," वहिनींनी सारांश काढला. मला तो पुस्तकातल्या प्रकरणापेक्षा नेमका वाटला.

दुसरे जोडपे गडचिरोलीचे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. दोघेही आधीच एम.डी. झालेले. तरी पुन्हा शिकायला गेले आणि १९८४ साली त्यांनीही बाल्टिमोरची ती पदवी घेतली. येताना त्यांनी एक गोष्ट बरोबर आणली: खेड्यातही संशोधन करता येते, नव्हे, ते तेथेच केले पाहिजे, हा हट्ट. १९८६ पासून त्यांच्या 'सर्च' या संस्थेचे काम गडचिरोलीत सुरू झाले.

राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तिचा निष्कर्ष छापून आला: शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासून घेतलेल्या जेमतेम आठ. तोपर्यंत जगभर खेड्यातली बाई म्हणजे गर्भार बाई किंवा कुटुंबनियोजनाची बाई, एवढाच विचार होई. तिचे आपले म्हणून काही दुखणे असते, हे त्या आकड्याने पहिल्यांदा ठणकावून सांगितले.

नंतर त्यांनी तान्ह्या मुलांचा प्रश्न घेतला. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवले. बाळाचे वजन कसे करावे, त्याला ऊब कशी द्यावी, जंतुदोषाची लक्षणे कशी ओळखावीत, आणि वेळ आली तर इंजेक्शन कसे द्यावे, हे सगळे. निरक्षर दाईला श्वास मोजता यावा म्हणून मणी ओढून मोजण्याचे एक साधे साधन तयार केले. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहू दिली आणि दोहोंची तुलना केली. तिसऱ्या वर्षाअखेर शिकवलेल्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ च्या डिसेंबरात हा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि २०११ पासून आपल्या देशात आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ पाहू लागल्या त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे. आमच्या बोरीतही आशाताई बाळाचे वजन करायला येते. तिच्या हातातली ती वजनाची झोळी गडचिरोलीच्या मार्गाने आली आहे, हे तिलाही कदाचित ठाऊक नसेल.

येथवर सांगून मी थांबलो. वहिनींनी झाऱ्याने चकल्या उलटल्या आणि म्हणाल्या, "विंचवाचं सांगत होतास ना? ते टाळू नको."

म्हणून आता ते सांगितलेच पाहिजे.

१९६१ सालचा उन्हाळा. त्याच वर्षी पुढे पावसाळ्यात पानशेत फुटले, म्हणून साल पक्के लक्षात आहे. मी दहा वर्षांचा, माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा, आणि वहिनी नुकत्याच लग्न होऊन घरात आलेल्या. दिवेलागणीला आईने त्याला परसातून गोवऱ्या आणायला पाठवले. गोवरीखाली विंचू होता. लहानसा, तांबूस. मोठी काळी इंगळी असती तर आम्ही जास्त घाबरलो असतो.

पोर मोठमोठ्याने रडू लागले. गावात विंचू उतरवणारे एक गृहस्थ होते, मोठे सज्जन. कोणाकडून कधी पैसा घेतला नाही. ते आले, त्यांनी मंत्र घातला, कडुलिंबाचा डहाळा फिरवला. घटकाभराने रडणे थांबले. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आईने देवापुढे साखर ठेवली. आणि त्यानंतर त्याला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. मध्यरात्रीनंतर छाती घरघरू लागली. वडिलांनी गाडी जुंपली, पण गावाची शीव ओलांडण्यापूर्वीच सगळे आटोपले होते.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. परसात गोवऱ्या रचायला मात्र पुन्हा कधी गेली नाही.

त्या मांत्रिकाला मी दोष देत नाही. बहुतेक विंचवांचा डंख नुसता वेदनेचा असतो. काही तासांनी तो आपोआप उतरतो, आणि जो कोणी त्या वेळी समोर बसलेला असेल त्याला यश मिळते. घात करतो तो हा लाल विंचू. त्याचे विष अंगात गेले की शरीरातली उत्तेजक द्रव्ये लोंढ्यासारखी सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमते, आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते. हे आज मी चार ओळींत लिहितो. १९६१ साली ते कोणत्याही दवाखान्यात कोणाला पुरते ठाऊक नव्हते.

ते ज्यांनी शोधून काढले, त्या डॉ. हिंमतराव बावस्करांची ही गोष्ट. जालना जिल्ह्यातल्या देहेड या लहानशा गावात १९५१ साली त्यांचा जन्म झाला. गरिबीतून नागपूरला वैद्यकीय शिक्षण झाले, आणि १९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. कोकणातली लाल माती, दगडी गडगे, गवताची घरे. म्हणजे लाल विंचवाचे माहेरच. रात्री-अपरात्री डोलीतून, बैलगाडीतून विंचू चावलेले रोगी येत. पुस्तकात विंचूदंशाला फार तर चार ओळी. आणि समोर तर धडधाकट माणसे, लेकरे डोळ्यांदेखत जात होती. इस्पितळापर्यंत आलेल्या गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीसपर्यंत मरत, असा तो काळ होता.

हा तरुण डॉक्टर रोग्याच्या उशाशी रात्रभर बसून राही आणि जे दिसेल ते टिपून ठेवी. केव्हा घाम सुटला, केव्हा उलटी झाली, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय केव्हा गार पडले. यंत्रे नव्हती. हात, कान, घड्याळ आणि वही, एवढेच साहित्य. पुढे तो पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी. करायला आला, तेव्हा बिरवाडीचा प्रश्न मनात घेऊनच आला. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निबंध छापून आला: लाल विंचवाच्या दंशात हृदयावर संकट येणार, याची आगाऊ सूचना देणारी लक्षणे कोणती. महाडच्या खेड्यातली वही लंडनला पोहोचली होती.

एम.डी. झाल्यावर शहरात दवाखाना थाटणे सोपे होते. बावस्कर महाडला परतले. त्यांना आता उपाय हवा होता. शिरा आवळल्यामुळे हृदय दमते, तर त्या सैल करणारे औषध द्यावे, हा तर्क. प्राझोसिन नावाची गोळी रक्तदाबासाठी वापरात होतीच. स्वस्त, तोंडाने घ्यायची, कोणत्याही आरोग्य केंद्रात ठेवता येण्यासारखी. ती गोळी हातपाय पुन्हा गरम होईपर्यंत ठरावीक अंतराने द्यावयाची. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी हा उपचार १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला. ज्या दंशाने शंभरात तीस जात, तेथे आता तीन-चारही जाईनात. २०११ साली त्यांच्या आणखी एका कसोटीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सत्तर रोग्यांचे दोन गट केले. पस्तीस जणांना नुसती गोळी, पस्तीस जणांना गोळीबरोबर विंचवाच्या विषावरचा उतारा. दहा तासांत पहिल्या गटातले आठ जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्यातले बत्तीस. हा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. २०२२ साली सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री दिली.

१९९० नंतर केव्हातरी वर्तमानपत्रात मी त्यांच्याविषयी प्रथम वाचले. कात्रण खिशात घालून बोरीला आलो आणि आईला वाचून दाखवले. घाम, उलटी, गार हात, छातीची घरघर. एकेक शब्द वाचताना माझाच आवाज बसत होता. आईने शेवटपर्यंत ऐकले. मग एकच विचारले:

"ही गोळी तेव्हा होती का?"

"नव्हती, आई. कोणाकडेच नव्हती."

"पुण्याला नेला असता तर?"

"पुण्यालाही नव्हती."

ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." तीस वर्षे तिच्या उरावर एक धोंडा होता, की आपण मंत्रात वेळ घालवला, गाडी उशिरा जुंपली, आपण पोर मारले. तो त्या दिवशी उतरला. महाडच्या डॉक्टरांनी हजारो जीव वाचवले, ते सर्वांना दिसतात. एका म्हाताऱ्या बाईची झोप त्यांनी परत दिली, हे त्यांच्या कोणत्याच निबंधात यायचे नाही.

एवढे सांगून झाल्यावर ओसरीवर कोणी बोलेना. मग नात हळूच म्हणाली, "आजोबा, डॉ. बावस्करांच्या निरीक्षणात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांना विष फार भिनते, त्यांना डंखाची जागा पुष्कळदा कमीच दुखते. आणि रोगी सुधारू लागला की ती पुन्हा दुखू लागते. म्हणजे रडणं थांबलं म्हणून विंचू उतरला, असं धरायचं नाही."

वहिनी ताडकन वळल्या.

"त्यो मला म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "मी तळवे चोळीत बसले होते त्याचे. म्हणाला, वहिनी, आता दुखत न्हाई. मला वाटलं, बरं वाटतंय पोराला. मी कुणाला सांगितलं न्हाई ते. आईंना तर न्हाईच."

चौसष्ट वर्षे एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हते.

नातीने कागद पुढे ओढला. त्या छापील कागदावर गेल्या काही वर्षांतल्याच दंशांसाठी रकाने होते; १९६१ साठी नव्हता. तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. वेळ कोणती, डंख कोठे, प्रथम कोणाकडे नेले, रडणे केव्हा थांबले, घाम केव्हा सुटला, गाडी केव्हा जुंपली. वहिनी एकेक सांगत गेल्या. इतके नीट त्यांना कोणी कधी विचारले नव्हते.

हल्ली आमच्या गावात सिमेंटची घरे झाली; गोवऱ्यांची जागा गॅसने घेतली. नारायणगावला डॉ. सदानंद आणि डॉ. पल्लवी राऊत सर्पदंशाच्या रोग्यांवर वर्षानुवर्षे उपचार करीत आले आहेत, तेव्हा आमचा तालुका पूर्वीसारखा निराधार राहिलेला नाही. तरी उसाच्या फडात, कांद्याच्या चाळीत, रात्रीच्या पाण्याच्या पाळीवर डंख होतोच. आणि आजही काही माणसे आधी मंत्राकडे जातात, काही रडणे थांबले म्हणून घरीच थांबतात. औषध सापडून चाळीस वर्षे होत आली. आता शोधायचे आहे ते औषध नव्हे. औषध आणि माणूस यांच्यामधले तास. ते तास नाडी पाहून सापडत नाहीत, सुई टोचूनही नाही. ते घरोघर जाऊन, विचारून, मोजावेच लागतात. आणि त्यासाठी एकदा डॉक्टर झालेल्या माणसाला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते.

भाऊबीज करून आम्ही पुण्याला निघालो. नातीची पिशवी कागदांनी फुगली होती. वहिनींनी तिच्यात अनारशांचा डबा कोंबला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारले:

"हे समदं लिहून नेतीस. काय निघालं ते सांगायला येशील ना?"

"येईन, मोठी आजी."

"मी असेन का न्हाई कोण जाणे. नसले तर त्या आशाताईला सांग. ओसरीवर बसून सांग, उभ्या उभ्या नको."

नातीने पिशवी उघडली, मघाचा तो उलटा लिहिलेला कागद वर काढला आणि त्याच्या कोपऱ्यात ते लिहून ठेवले.